जोड्या लावा

माझ्या डाव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं आहेत. उरलेली दोन मी शाळेत असताना चारा कापायच्या कुट्टीच्या यंत्रात गेली. पेडगावात आमच्या अंगणातच ते यंत्र होतं. मी कडबा आत सारत होते आणि आई चाक फिरवत होती. त्यानंतर आई त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. पण चारचौघांत गेलो की तिचा हात आपोआप माझ्याकडे यायचा आणि माझी ओढणी माझ्या डाव्या हातावर ओढायचा. त्या ओढणीचा मला मनस्वी राग होता.

म्हणून तर परभणीला नोकरी लागल्यावर मी गिटार घेतली. पेटी, तबला काहीही शिकता आलं असतं. पण डावा हात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उचलून धरावा लागेल असंच वाद्य मला हवं होतं.

क्लासचे सर माणूस म्हणून वाईट नव्हते. पहिल्याच दिवशी त्यांनी तीन बोटांची पकड दाखवली, मग माझा हात पाहिला आणि म्हणाले, "ताई, तुमी की-बोर्ड शिका ना. कायला जिवाला त्रास?" मी हलले नाही, तेव्हा त्यांनी गिटार उलटी धरायला लावली. उजव्या हातानं पकडी जमल्याही असत्या. पण डावा हात पुन्हा खाली, पोटाशी, ओढणीच्या तावडीत आला. मी गिटार परत सुलटी केली. "लय हट्टी हाव तुमी," सर म्हणाले. ते खरंच आहे.

घरी बसून मी विचार केला. सहा तारांचे स्वर वेगवेगळे लावतात, म्हणून इतकी बोटं लागतात. म्हणजे माझ्या हाताला बोटं कमी नाहीत, गिटारीलाच स्वर जास्त झालेत. मग कमी करायचे ते तिचे करावेत! दुकानातून तारांचे दोन संच आणले आणि एकाच जाडीच्या दोन-दोन तारा शेजारी शेजारी चढवल्या. शाळेत 'जोड्या लावा' हा माझा हुकमी प्रश्न होता. जाड जोडी सा, मधली जोडी पंचम, बारीक जोडी वरचा सा. बारीक जोडीवर दोन बोटांनी चाल काढायची आणि बाकीच्या दोन जोड्या मोकळ्या घुमू द्यायच्या.

दोन तारा एका स्वरात आणणं दिसतं तितकं सोपं नाही. एक दुसरीच्या जवळ आली की आवाज थरथरायला लागतो. चावी अगदी जराशी फिरवली की थरथर संथ होते, आणखी फिरवली की थांबते, पण मग एकच तार वाजतेय असं वाटतं. मी ती थोडी शिल्लक ठेवते. आई आणि शेजारच्या काकू विहारात मिळून गातात तेव्हा असंच ऐकू येतं, कारण आई नेहमी जराशी मागून येते.

सरांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "ही गिटार बिघडवली तुमी. क्लासच्या कार्यक्रमात असली चालणार न्हाई."

"मंग मी बी चालणार न्हाई," मी म्हणाले आणि घरी आले.

त्याच दिवसांत मावशीही जोडी लावायच्या मागे होती. माझी. येलदरीकडचे पाहुणे बघायला येणार होते. मला साडी नेसवता नेसवता मावशीनं बजावलं, "डावा हात पदराखाली ठेव. फोटूत दिसला न्हाई, आता कायला दाखवायलीस?" आई चहाच्या कपांकडे बघत राहिली. मला दोघींचा संताप आला.

पाहुणे बसले. मुलाच्या आईनं गोडीनं विचारलं, "गाता-बिता येतं का?"

"वाजवता येतं," मी म्हणाले आणि आतून गिटार घेऊन आले. विहारात आई जे गाणं गाते त्याची चाल धरली. हात वर, दांडीवर, दारातून येणाऱ्या उजेडात. कुणी कप उचलेना.

"बोटं कशानं गेली हो?" मुलाच्या आईनं विचारलं. मी थांबले.

"जन्मापासूनच..." मावशी घाईघाईनं सांगायला लागली.

"न्हाई." आईनं ट्रे खाली ठेवला. "कुट्टीत गेली. चाक मी फिरवत व्हते."

एवढ्या वर्षांत हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मग तिचा हात नेहमीसारखा माझ्याकडे आला. मी दांडी घट्ट धरली. माझ्या मनगटावर घसरलेला पदर तिनं उचलला आणि मागे खांद्यावर टाकला.

"अर्ध्यातच कामून थांबलीस?" ती म्हणाली. "वाजव."

मी वाजवलं. आई पाहुण्यांसमोरच गायला लागली, नेहमीसारखी जराशी मागून, आणि तिचा आवाज कापत होता.

पाहुण्यांनी "कळवतो" म्हटलं आणि काही कळवलं नाही. हातची जोडी घालवली म्हणून मावशी अजून माझ्या नावानं बोटं मोडते. मोडू दे, तिच्याकडे भरपूर आहेत. माझी ओढणी आता फक्त उन्हात स्कूटीवर डोक्याला बांधायच्या कामी येते.