केळीच्या पानावर बाबा

गिरणी संपाचं पहिलं वर्ष सरत आलं तेव्हा बाबांच्या तोंडात फोड आले. तंबाखूने झालं असेल, असं आम्ही धरून चाललो. मग पाठीवर आले, पाण्याने टम्म. एकदा त्यांना उठवायला दंड धरला तर कातडीच सरकली माझ्या बोटांखाली. हात सोडायचीही भीती वाटली, धरायचीही.

परळच्या डॉक्टरांनी समजावलं. कातडीच्या पेशींवर एक प्रथिन असतं, त्यानं पेशी एकमेकींना धरून राहतात. बाबांचं रक्त त्यालाच शत्रू समजत होतं. पकड सुटली की मध्ये पाणी भरतं. त्या प्रथिनाचं नाव डेस्मोग्लीन, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. तेव्हा मी मालकांविरुद्ध पत्रकं लिहायचो. याच्याविरुद्ध काय लिहिणार?

गोळ्या मिळाल्या. अचानक बंद केल्या तर जिवावर बेतेल, अशी ताकीदही. फोड आटले, पण गोळ्यांनी बाबांचा चेहरा सुजला, गोल झाला.

शेजारचे काका गिरणीत बाबांच्याच खात्यातले. गॅलरीत मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "काय रे, आमची गालफडं बसली, तुझ्या बापाशीची बरी भरली. मागच्या दारानं जातो काय कामावर?"

बाबांनी आतून ऐकलं. फितूर म्हणवून घेण्यापेक्षा त्यांनी गोळ्या गुपचूप मोरीत टाकल्या. आठवड्यात सगळी पाठ सोलवटली. चादर चिकटायला लागली. दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं, केळीच्या पानावर झोपवा.

भायखळ्याहून पानांचा भारा घेऊन जिना चढत होतो. काका म्हणाले, "पंगत वाटतं? संपात?"

पत्रकातली सगळी वाक्यं माझ्या तोंडाशी आली. भारा काखेत मारला. त्यांचं मनगट धरून आत आणलं. आई पाणी सोडून पाठीला चिकटलेली चादर सुटी करत होती. काका उंबऱ्यातच थबकले.

पालथे पडलेले बाबा मान न वळवता म्हणाले, "बघून घे. कामावर जाऊन आलोय."

काका खाली बसले. माझ्या हातातलं पान ओढून घेतलं आणि विळीनं मधली शीर तासू लागले. "ही टोचेल त्याला," एवढंच म्हणाले.

बाबांनी आईकडे गोळी मागितली. उशीर झालाय की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. रोज सकाळी पान सोडवलं की आई पाठीकडे नाही, आधी पानाकडे बघायची. किती कातडी चिकटून आली, ते तिथं दिसायचं.