शक्यतो नको

बोलताना ताई, एक वेळ सोडली तर, कधी समोर उभ्या राहिल्या नाहीत. खांद्याला खांदा लागेल की काय अशा बेताने बाजूला येऊन उभ्या राहायच्या, तोंड खिडकीकडे करायच्या आणि मग विषय काढायच्या. आपण नकळत त्यांच्याकडे वळलो की हाताने थोपवायच्या. म्हणायच्या, “समोर नको दादा, बाजूनं.”

तुम्हीही त्यांना मासळी बाजारात पाहिलं असेल. कोळणीच्या टोपलीपुढे तिरक्या उभ्या राहून बांगडा निवडणारी, पन्नाशीची, ताठ कण्याची बाई. एकदा त्या कोळणीने फणकाऱ्याने विचारलं होतं की माझी मासळी बघवत नाही का तुला? त्यावर ताईंनी शांतपणे सांगितलं की मासळी बघत्येय, तुझा श्वास तेवढा चुकवत्येय. नंतर ती कोळीण त्यांच्यासाठी ताजी सुरमई राखून ठेवायची.

नोकरीची सव्वीस वर्षं त्यांनी विमानतळावर काढली. कुठल्या ते सांगत नाही. महिला प्रवाशांची अंगझडती घ्यायची, हे त्यांचं काम. पडद्यामागची ती जागा देवघराएवढी, त्यात दोन बायका समोरासमोर, दिवसभर. साथ सुरू झाली त्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला आणि पावसच्या रस्त्यावरच्या आपल्या गावी परत आल्या.

मी खासदार साहेबांच्या रत्नागिरीच्या संपर्क कार्यालयात लिहिण्याटाइपण्याचं काम करतो. त्या दिवसांत आमच्याकडे ही गर्दी. कोणाला मुंबईहून माणूस आणायचा पास हवा, कोणाला रुग्णालयात खाट. प्रत्येक जण टेबलावर ओणवा होऊन आपली कथा माझ्या तोंडावर सांगायचा. माझ्या बायकोचं मूत्रपिंड बदलून जेमतेम वर्ष झालं होतं. संध्याकाळी घरी गेलो की मी पडवीतच आंघोळ करायचो आणि ती आतून दार लावून बसायची. सुट्टी मागायची सोय नव्हती. मी भीत होतो, आणि ते कोणाला सांगत नव्हतो.

अशा एका सकाळी ताई अर्ज घेऊन आल्या. रांगेत उभ्या न राहता दहा मिनिटं दारातून नुसतं बघत राहिल्या. मग आत येऊन त्यांनी माझ्यासमोरची खुर्ची उचलली आणि खिडकीपाशी तिरकी ठेवली. असं की, बसणाऱ्याचं तोंड बाहेरच्या आंब्याकडे राहावं. माझी खुर्ची विरुद्ध बाजूला वळवली. एक परात मागवली. कागद ज्याचे त्याने परातीत ठेवायचे, मी उचलायचे, मध्ये कोणी ओणवं व्हायचं नाही. मी म्हटलं, “ताई, लोकांना अपमान वाटेल.”

“दोन दिवस वाटेल,” त्या म्हणाल्या. “तुमच्या घरी कोण आजारी आहे?”

मी कोणालाच सांगितलं नव्हतं. पण माणूस खिशात काय लपवतो ते लांबून ओळखण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्यापासून काय लपणार? गावचे एक प्रतिष्ठित पुढारी आले, तर ताईंनी वळूनही न बघता सांगितलं की डाव्या खिशातली तंबाखूची डबी त्यांनी बाहेरच ठेवावी, इथे मळायची नाही. पुढारी निमूट बाहेर जाऊन डबी कठड्यावर ठेवून आले.

माझी बायको त्या साथीतून निभावली. त्यात औषधांचा वाटा किती आणि त्या तिरक्या खुर्चीचा किती, हे डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. मी मात्र माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आणलेला अर्ज त्यांनी सगळ्यात शेवटी दिला. त्यांच्याबरोबर एकाच दिवशी नोकरीला लागलेली राजापूरची एक मैत्रीण होती. साथीच्या सुरुवातीला पडद्यामागे एक प्रवासी बाई आली. अंगात ताप, खोकून खोकून बेजार झालेली. मैत्रीण दोन पावलं मागे सरली. वरिष्ठांनी विचारलं, मागे सरण्याचा नियम कुठे आहे ते दाखव. नियम नव्हता. मैत्रीण पुन्हा पुढे झाली. बाराव्या दिवशी ती गेली. शेजारच्या पडद्यामागे ताई होत्या आणि सगळं ऐकत होत्या.

“मीही बोलले नाही,” त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. “नियमच नाही, तर बोलणार काय? म्हणून तो नियम करून द्या.”

साहेब माणूस चांगला, पण घाईचा. अर्ज वाचून त्यांनी विचारलं की तपासणाराच मागे सरला आणि प्रवाशाकडे हत्यार असलं तर? ताईंनी त्यांना तिथेच हात वर करून उभं केलं. मागे सरायचं म्हणजे सोडायचं नाही, त्या समजावत होत्या. प्रवाशाला वेगळ्या खोलीत न्यायचं, आपण अंगभर संरक्षक पोशाख चढवून बाजूने तपासायचं. पाच मिनिटं जास्त लागतात. साहेब हात वर करून पाच मिनिटं ऐकत राहिले, हे दृश्य आमच्या कार्यालयात पुन्हा कधी दिसलं नाही. नंतर ते मला म्हणाले की यावर खासगी विधेयक मांडू, सरकारचं नाही, माझ्या नावावर, मसुदा कर.

मग दर सोमवारी ताई एसटीने यायच्या. डब्यात घावने आणायच्या. मी लिहायचो, त्या खोडायच्या. हातमोजे प्रत्येक प्रवाशानंतर बदलावेत, ट्रे धुवावेत, ही कलमं भराभर झाली. चौथ्या कलमावर मात्र आम्ही महिना घालवला. प्रवासी आजारी दिसल्यास कर्मचाऱ्याला मागे सरून तपासणी थांबवण्याचा अधिकार राहील आणि त्याबद्दल त्याच्यावर कारवाई होणार नाही. एवढंच वाक्य.

इथे मी घोळ घातला. तीस वर्षं अर्ज लिहून माझ्या बोटांना एक खोड लागली आहे. कुठलंही वाक्य कडक वाटलं की त्यात मी ‘शक्यतो’ घालतो. समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते, मग तो रागावत नाही आणि कागद पुढे सरकतो. चौथ्या कलमातही मी तो घातला, ताईंना न विचारता. साहेबांच्या दिल्लीच्या सचिवांनी त्याचं इंग्रजी करून प्रत पाठवली. ताईंनी ती वाचली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्या माझ्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या.

“हे कोणी घातलं?”

मी सांगितलं की मीच, विधेयक अडू नये म्हणून.

“दादा, शक्यतो म्हणजे नाही. तिला त्या दिवशी वरिष्ठांनी हेच सांगितलं होतं. शक्यतो अंतर ठेव, म्हणून.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दुपारी दिल्लीला फोन लावला. सचिव कुरकुरले, साहेबही म्हणाले की एका शब्दासाठी एवढं काय. आयुष्यात पहिल्यांदा मी साहेबांशी वाद घातला. शब्द निघाला.

पुढच्या वर्षी एका शुक्रवारी विधेयक मांडलं गेलं. छापील प्रत आली तेव्हा ताईंनी मला राजापूरला चला म्हटलं. मैत्रिणीची आई पायरीवर काजू सुकत घालत होती. ताईंनी बाजूला बसून चौथं कलम मराठीत करून दोनदा वाचलं. म्हातारीने विचारलं, “बाय, मग आता पोरी मागं झाल्या तर चालंल काय?”

मी मान खाली घातली. वाटलं, आता ताई हो म्हणतील. म्हातारीच्या समाधानासाठी मी नक्की म्हटलं असतं.

“अजून नाही, आई,” ताई म्हणाल्या. “पण लिहून झालंय.”

विधेयक चर्चेला आलंच नाही. लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. हे ताईंना कसं सांगावं या काळजीत मी होतो. त्या एवढंच म्हणाल्या की मसुदा जपून ठेवा, पुन्हा मांडायचं आहे. गेल्या वर्षी गणपतीनंतर त्या हृदयविकाराने गेल्या. स्मशानात मी चितेच्या बाजूला उभा होतो. समोर जाऊन उभं राहायला जमलं नाही.

साहेब पुन्हा निवडून आले आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी मसुदा मागितला आणि मी तो जसाच्या तसा पाठवला. दोन दिवसांनी दिल्लीहून नव्या सचिवांचा फोन आला. मुलगा हुशार, गोड बोलणारा. म्हणाला की सगळं छान आहे, फक्त चौथं कलम जरा कडक वाटतं. तिथे शक्यतो असा एखादा शब्द घालू या का?

खिडकीपाशी खुर्ची अजून तिरकीच आहे. रंगकाम झाल्यावर रंगाऱ्यांनी सरळ केली होती, ती मी पुन्हा वळवून ठेवली. तिच्याकडे बघत मी फोनवर म्हणालो, “नाही. शक्यतो म्हणजे नाही.”

पलीकडून तो म्हणाला, बरं, राहू दे तसंच.