लकी बांबूची लाल मुळं

आमच्या क्वार्टर्सच्या लाइनीत सगळ्यांचं नशीब सारखं आहे, कारण ते एकाच बाईंनी एकाच दिवशी वाटलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला साहेबांच्या मिसेसनी वाण म्हणून प्रत्येकीला एकेक लकी बांबू दिला. एरवी वाणात प्लास्टिकचे डबे, गाळण्या, फार तर स्टीलची वाटी मिळते. या वस्तू निदान मरत नाहीत. यंदा काचेचा ग्लास, त्यात रंगीत खडे, खड्यांत तीन हिरव्या कांड्या आणि कांड्यांना लाल रिबीन. तीन कांड्या म्हणजे सुख, संपत्ती आणि दीर्घायुष्य, असं बाईंनी सांगितलं. कोणती कांडी कशाची, ते सांगितलं नाही.

मी ग्लास आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. खिडकी पश्चिमेची. आठवण झाली की नळाखाली धरायचे. माझे यजमान भिंगारला लष्कराच्या एका खात्यात सिव्हिलियन नोकरीला आहेत आणि त्यांना कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय घरात ठेवायला आवडत नाही. त्यांनी मोबाईलवर वाचून जाहीर केलं, की हा बांबूच नाही. बांबूच्या कुळातलासुद्धा नाही, नुसतं नाव. पुढचा आठवडाभर घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे सांगितलं. पाणी मात्र एकदाही घातलं नाही.

याच सुमाराला मी आईला घेऊन आले.

आई पाथर्डीकडच्या आमच्या गावात एकटी राहायची. वडील गेले, मी एकुलती एक. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ती गॅस हाताने चाचपून पेटवायची. एकदा पदर पेटला. विझवला तिनंच, आणि मला फोनवर सांगितलं ते शेजारणीचा पदर पेटल्यासारखं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन तिला उचलून आणलं. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. मला तिला परत पाठवायचंच नव्हतं. हे तिला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर ती ऑपरेशनलाही आली नसती.

कारण आमच्याकडे लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये असं म्हणतात. नातू झाला की ही अट सुटते, असंही म्हणतात. आमचा मुलगा आता शिकायला पुण्याला आहे, पण आईनं अट सोडलेली नाही. येताना तिनं अर्धं पोतं बाजरी आणली. मी म्हटलं, "आई, भिंगारला बाजरी मिळते." ती म्हणाली, "मिळू दी की."

तिचं ते पोतं मला ओळखीचं होतं. आई-वडिलांची उमेदीची सगळी वर्षं ऊसतोडीत गेली. दिवाळी झाली की ट्रकमध्ये पत्र्याची पेटी, भांडी आणि बाजरीचं पोतं चढायचं आणि अर्धं वर्ष कुठल्या तरी साखर कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत, जायचं. परमुलखात सहा-सहा महिने राहण्याचा तिला कधी संकोच वाटला नाही. तिचा नियम सरळ होता. काम हाय तवर मुक्काम, काम सरलं की गाव. आणि खायचं ते आपलं.

माझ्या घरी तिच्यासाठी काम नव्हतं, हीच अडचण होती. त्यात डॉक्टरांनी वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, गॅसजवळ जायचं नाही असं बजावलेलं. म्हणजे तिच्या लेखी जगण्यात काही उरलंच नव्हतं. "थेंब सपले की जाते," ती म्हणाली. थेंब म्हणजे डोळ्यात घालायचं औषध. ते काही आठवडे पुरणार होतं.

डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा मी मुद्दाम तिच्या समोर बसले. कित्येक वर्षांनी तिला माझा चेहरा नीट दिसणार होता. तिनं मला निरखून पाहिलं.

"लई काळी पडलीस," ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावरून खिडकीकडं पाहून म्हणाली, "आन त्ये झाड पिवळं पडलंय."

यजमानांनी समजावलं, "मामी, ऑपरेशननंतर थोडे दिवस रंग जरा वेगळे दिसतात."

"पिवळं पिवळंच दिसतंय, पाव्हणं."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. झाड पिवळं पडलं होतं. पानांची टोकं तपकिरी होऊन वाळली होती, ग्लासाला आतून हिरवं शेवाळ धरलं होतं, आणि तीनपैकी एक कांडी मधोमध हळदीसारखी झाली होती. आमच्या चारही डोळ्यांना काहीही झालेलं नसताना हे आम्हाला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आई कामाला लागली. वाकायची बंदी होती, म्हणून ग्लास डायनिंग टेबलावर आणवला. पहिली बदली जागेची. दुपारचं ऊन काचेतून थेट पानांवर येत होतं. "ह्ये सावलीचं दिसतंय, ह्याला कशाला भाजता?" ग्लास बैठकीच्या खोलीत गेला, जिथं उजेड असतो पण ऊन पोचत नाही. मग पाणी. नळाच्या पाण्याला येणारा औषधाचा वास तिला पहिल्या दिवसापासून खटकत होता. तिनं कळशीत पाणी भरून रात्रभर उघडं ठेवायला लावलं आणि सकाळी वास उडाल्यावर झाडाला दिलं. तेही गळ्यापर्यंत नाही, खडे बुडून दोन बोटं वर. दर आठवड्याला जुनं ओतून ग्लास राखेनं घासायचा, असं ठरलं. राख नव्हती, म्हणून भांड्यांच्या पावडरीवर भागवलं आणि तीनदा विसळलं. ग्लासाभोवती जाड कागद गुंडाळला, कारण उजेड पाण्यात गेला की शेवाळ धरतं, हे तिला रानातल्या हौदावरून माहीत होतं. रिबीन सोडली. तिच्या आत तार निघाली आणि ती कांड्यांत रुतली होती.

पिवळी कांडी तिनं दाबून पाहिली. बोट आत गेलं. "ही गेली. ही ठिवली तर दुसऱ्या दोघींना नेईल."

यजमानांनी विचारलं, "पण ही कुठली? सुख, संपत्ती का दीर्घायुष्य?"

"संपत्ती असेल," मी म्हटलं. "तीच आपल्याकडे टिकत नाही."

कांडीचा शेंडा अजून हिरवा होता. आईनं यजमानांचं नवं ब्लेड मागून घेतलं आणि उसाचं बेणं तोडावं तसा पेर राखून तो शेंडा तोडला. एका झटक्यात. तो हात मी लहानपणी पाहिला होता, त्यात तेव्हा कोयता असायचा. शेंडा वेगळ्या पेल्यात उभा राहिला. खालची पिवळी कांडी कचऱ्यात गेली.

आणि मग तिनं उरलेल्या दोन कांड्या उपसून बघितल्या. मुळं लाल होती. गाजरासारखी लाल.

"मूळकूज," ती म्हणाली. "बाजरीचं मूळ पांढरं, ज्वारीचं पांढरं, कांद्याचं पांढरं. लाल मूळ म्हंजी आतून सडलंय."

मी शाळेत मराठी शिकवते. मला तिचं म्हणणं पटलं. तिनं नखं कापायची कात्री मागितली आणि सगळी लाल मुळं छाटली. "आता पांढरं फुटंल. शेंड्याला बी फुटंल. पांढरं मूळ दिसलं की मी जायला मोकळी."

थेंबांच्या जागी आता मूळ आलं. मला ते चाललं. थेंबांची बाटली कधी संपणार हे कळतं, मुळाचं कळत नाही.

लाइनीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. शेजारची बाई आपला ग्लास घेऊन आली. तिच्याही पानांची टोकं वाळली होती. मग तिच्या पलीकडची आली. वाण एकच, नळ एकच, खिडक्याही सगळ्या पश्चिमेला, त्यामुळे रोगही एकच. रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर ग्लासांची रांग लागू लागली. आई खुर्चीत बसायची, एकेक कांडी हातात घ्यायची. बायका तिला मावशी म्हणायच्या आणि झाडाबरोबर हळूहळू सासूचं, गुडघ्याचं, नवऱ्याच्या बदलीचंही सांगायच्या. आई सगळ्यांना पाणी शिळं करून घालायला सांगायची, ऊन बंद करायची, आणि सगळ्यांची लाल मुळं छाटायची.

पानांची टोकं वाळायची थांबली. पण मुळं फुटत ती लालच. पुन्हा छाटायची, पुन्हा लाल. पेल्यातल्या शेंड्यालाही नखाएवढं मूळ आलं. लाल. तेही गेलं. थेंब संपले, डॉक्टरांनी डोळा पाहून समाधान व्यक्त केलं, बाजरीचं पोतं खाली बसत चाललं, आणि आईला जाता येईना. ती दिवसेंदिवस काळजीत आणि मी दिवसेंदिवस खुशीत. मग हळूहळू लाइनीतले बांबू मलूल दिसायला लागले. साहजिक होतं, पाणी कशाने पिणार?

शेवटी मी मोबाईलवर शोधलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण आईच्या समोर मोबाईलला विचारणं बरं दिसत नाही. तिथं स्पष्ट लिहिलं होतं. या झाडाची निरोगी मुळं लालच असतात. काळी, बुळबुळीत, वास येणारी असली तर कुजलेली. लाल म्हणजे उत्तम.

मी फोन उशीखाली ठेवला. सांगितलं, तर मूळ फुटलेलं होतं. कधीच फुटलेलं होतं, आणि आई पेटी भरणार होती. दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू घेऊन, त्या एकट्या घरात, त्या गॅसपुढं. नाही सांगितलं, तर ती राहणार होती. एका झाडाच्या बदल्यात आई, हा सौदा मला अजिबात महाग वाटला नाही. मी गप्प बसले.

यजमानांना मात्र सांगितलं. त्यांनी तो मजकूर दोनदा वाचला.

"सांगायला पाहिजे," ते म्हणाले.

"मग ती जाईल."

"आणि झाड मेलं तर कशासाठी राहील?"

नियमानं चालणाऱ्या माणसाचा कधी कधी असा राग येतो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर सांगितलं. आई टेबलाशी बसून पलीकडच्या बाईच्या कांड्या बघत होती, कात्री हातात. मी म्हटलं, "आई, याचं मूळ लालच असतं. चांगलं असलं तरी लालच. जात तशी आहे."

तिनं कात्री खाली ठेवली. मूळ उजेडात धरलं. बराच वेळ त्याच्याकडं नव्या डोळ्यानं पाहिलं.

"म्हंजी पयल्या दिशी बी बरंच हुतं?"

"हो."

"आन म्या समद्यांची काढली."

ती उठली, खोलीत गेली. आतून पेटी सरकवल्याचा आवाज आला आणि मला वाटलं, झालं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर धुवट लुगडं होतं. तिनं चपला घातल्या आणि एकटीच दाराबाहेर पडली. आल्यापासून पहिल्यांदा. मी खिडकीतून पाहत राहिले. ती लाइनीतल्या पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत गेली, प्रत्येक दारात थोडी थांबली. काय बोलली ते शेजारणीकडून नंतर कळलं. "मूळ लालच ऱ्हाऊ द्या बाई. चूक माजी हाय. मी बघते." कुणीच काही मनाला लावून घेतलं नाही. दोघींनी चहा दिला आणि तो तिनं घेतला. लेकीच्या शेजारणीकडच्या चहाबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नाही.

त्याच संध्याकाळी गावाहून तिच्या जावेचा फोन आला. किती दिवस लेकीकडं राहणार, असा प्रश्न असावा. आई फोन कानाला घट्ट लावून मोठ्यानं बोलत होती.

"लेकीकडं कुठं ऱ्हायलेय? हितं घरोघर नुस्कान करून ठिवलंय म्या. त्ये भरून दिल्याबिगर कशी येऊ? लई काम हाय."

एवढा समाधानी आवाज मी तिचा कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात कात्री निघाली नाही. पाणी शिळं होत राहिलं, ग्लास घासले जात राहिले. सगळ्यांच्या कांड्यांना लाल मुळं धरली, मलूल पानं ताठ झाली. पेल्यातल्या शेंड्यालाही दोन मुळं आली आणि त्याला दिवाणखान्यात मानाची जागा मिळाली. काम सरत आलं होतं. मी ते पाहत होते आणि पाहत नाही असं दाखवत होते.

मग एका सकाळी आईनं पोतं उलटं करून झटकलं. मूठभर बाजरी परातीत पडली. तिनं ती गोळा केली, पोत्याची घडी घातली आणि माझ्याकडं पाहिलं. मी शाळेला निघाले होते, पर्स खांद्याला लावलेली. आता ती बोलणार, हे मला कळलं, आणि मी चपलेचा पट्टा उगाच पुन्हा पुन्हा लावत बसले.

"येताना बाजरी आन," ती म्हणाली.

मी "बरं" म्हटलं. त्या दिवशी वर्गात मी काय शिकवलं, आठवत नाही.

संध्याकाळी भिंगारच्या बाजारात दुकानदारानं विचारलं, "किती देऊ मॅडम, दोन किलो?"

"पोतं द्या."

"दोघंच हायेत ना घरात? उन्हाळ्याचं कीड लागंल."

"तिघं आहोत," मी म्हटलं, आणि तिथंच माझे डोळे भरून आले. बाजरीची धूळ डोळ्यांत गेली असं समजून त्यानं पोतं जरा लांब सरकवलं.

रिक्षानं पोतं घरी आणलं. आईनं तोंड सोडलं, ओंजळ भरून दाणे उजेडात धरले, एक दाताखाली फोडला आणि तोंड वाकडं केलं.

"जुनी हाय," ती म्हणाली. "तुला कळत न्हाई त्यातलं. फुडच्या बारीला मी येते संगं."