पट्टीवरचं तेल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या बहिणीला ओळखत नाही. बघा — इथंही भित्रेपणाच.

तेव्हाच्या औरंगाबादेत माझं गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान. त्यामुळं घरात गाडीबद्दल शेवटचा शब्द माझा. दाजी, म्हणजे सुमनचा नवरा, लासूर स्टेशनहून आले की दारात गाडीतच बसून हॉर्न वाजवायचे. जावयाला घरात घ्यायला पुरुषमाणसानं बाहेर जायचं, ही आमच्याकडची रीत. मी जायचो. "काय पाव्हणं, झोपले व्हते काय?" — हे दाजी मला विचारणार, आणि वर हसणार. असल्या माणसाच्या गाडीचं दार मी किती वर्षं उघडलं!

एकदा दाजी पडेगावला मटणाच्या पार्टीला गेले आणि गाडी लावली कुठं, तर ओढ्याच्या पात्रात. सावली म्हणून. अक्कल बघा. वरून लोंढा आला, गाडी सीटपर्यंत बुडाली. दुरुस्त करायची का भंगारात द्यायची? विचारलं अर्थातच मला.

मी बॉनेट उघडलं. इंजिनातल्या तेलाची पट्टी ओढली. पाणी शिरलं असतं, तर तेल दुधाळ झालं असतं. ते स्वच्छ होतं. गाद्या, वायरिंग बदललं की गाडी चालली असती. मला हे कळलं — आणि कुणी बघायच्या आत मी पट्टी फडक्यानं पुसून टाकली.

"भंगार झाली, दाजी." काय गोड लागले ते शब्द!

सुमननं एकदाच विचारलं, "दादा, नीट बघितलं ना?"

"मला शिकवती का?"

गाडी दाजींची होती का पण? चालवायची तर सुमन. पिऊन पडलेल्या नवऱ्याला घरी आणायला कुणीतरी हवं, म्हणून त्यांनीच तिला शिकवलं होतं. मग ती आईकडं एकटी यायला लागली, शेजारणींना भरून वेरूळला जायला लागली. हे मला ठाऊक नव्हतं? होतं. मला फक्त तो हॉर्न बंद करायचा होता.

दाजींनी मोटरसायकल घेतली. सुमन मागं बसते, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन. परवा म्हणाली, क्लच कुठल्या पायानं दाबतात, तेही आता आठवत नाही. मी चहा पीत राहिलो. आणि हॉर्न? मोटरसायकललाही असतोच की. दाजी अजून दारात वाजवतात. मी अजून बाहेर जातो.

तेल स्वच्छ होतं — हे एक वाक्य मी सुमनला देणं लागतो.