गोलकीपरच्या उलटीची फाईल

टाउनशिपमधली जुनी मंडळी एकत्र बसली की कुणी बॉयलरचे किस्से सांगतं, कुणी युनियनचे. माझ्याकडे आहेत ते खेळाडूंच्या मनाचे. ऐकणारे हसतात, आता मीही हसते. पण खरं सांगू? यातल्या प्रत्येक किश्श्याच्या वेळी माझं डोकं भयंकर फिरलेलं होतं. राग काढायला जागाच नव्हती, म्हणून तो साठला आणि त्याचे हे किस्से झाले.

भोपाळचा आमचा कारखाना सरकारी. मिस्टर तिथे इंजिनिअर, आणि मी पुण्याहून मानसशास्त्रात एम. ए. करून आलेली, क्वार्टरमध्ये बसून कंटाळलेली. कारखान्याची महिला हॉकी टीम सारखी हरायची, म्हणून वरून हुकूम आला की मानसशास्त्रज्ञ नेमा. मला नेमलं. स्पोर्ट्स ऑफिसर खानवलकरसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, मुलींच्या डोक्यात काय बिघाड आहे तो शोधा आणि मार्चच्या आत दुरुस्त करून टाका!"

* * *

खोली मिळाली दवाखान्यात, इंजेक्शनच्या खोलीला लागून. बांधकाम बघणाऱ्या सिव्हिलवाल्यांनी दारावर पाटी रंगवली, 'मानसिक रोग विभाग'. झालं! मुली त्या दारासमोरून जाईनाशा झाल्या. पाण्याच्या टाकीला वळसा घालून मैदानावर जायच्या.

पाटी बदला म्हणून अर्ज केला. दीड महिन्याने उत्तर आलं, "पाटी नवीन असून सुस्थितीत आहे, सबब बदलता येत नाही." शेवटी मीच तिच्यावर कॅलेंडर टांगलं.

त्या दारातून स्वतःहून आत आली ती एकटी शोभा वानखेडे, आमची गोलकीपर. वडील नागपूरहून सरकारी ऑफिसबरोबर भोपाळला आलेले क्लार्क, नुकतेच रिटायर झालेले. घर कोटरा सुल्तानाबादला, खाणारी तोंडं पाच. शोभाची नोकरी स्पोर्ट्स कोट्यातली, पण अजून प्रोबेशनवर. कन्फर्म झाली तर घर तरलं, नाहीतर सगळंच संपलं.

खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, "मॅडम, मॅचच्या आधी मला उलटी होते. दरवेळेस. मी पागल तर नाही ना?"

"उलटीनंतर खेळ कसा होतो?"

"खेळ तर एकदम मस्त होते!"

"मग होऊ दे की!"

तिला एवढंच शिकवलं की भीती जायची वाट बघायची नाही. चूळ भरायची, चार वेळा सावकाश श्वास सोडायचा, पॅड आवळायचे आणि उभं राहायचं.

* * *

दर महिन्याला एक तक्ता भरावा लागे. त्यात एक रकाना होता, 'खेळाडूंचे मनोबल'. मी लिहिलं, "चांगलं". तक्ता परत आला. "चांगलं म्हणजे किती?"

मी चिडून सत्तर टक्के लिहिलं. पुढच्या महिन्यात एकाहत्तर. लगेच खानवलकरसाहेबांचा फोन! "एकच टक्का? अहो, मशीन शॉपचं उत्पादन चार टक्क्यांनी वाढलंय!"

मी म्हटलं, "साहेब, मुलींना तीन शिफ्टमध्ये चालवू का?" त्यावर ते खरंच थोडा वेळ विचारात पडले.

* * *

एकदा डॉक्टरांनी अधिकाऱ्यांना सकाळी फिरायला सांगितलं. लोक टिकत नाहीत म्हणून गोडी लावायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी बघते तर काय, सगळ्यात पुढे जीएमसाहेब, त्यांच्यामागे डेप्युटी, त्यांच्यामागे मॅनेजर, सगळे हुद्द्याप्रमाणे! जीएमसाहेबांचा गुडघा दुखरा. त्यामुळे वरात पाच पावलं चालायची आणि थांबायची. घाम कुणालाच येत नव्हता.

मी एका मॅनेजरांना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, तुम्ही तरुण आहात, तुमच्या वेगाने चाला ना!"

ते घाबरून म्हणाले, "मॅडम, मरवाओगी क्या? जूनमध्ये प्रमोशन आहे!"

* * *

आता ज्या किश्श्याचा मला आजही संताप येतो तो सांगते. सिलेक्शन कमिटीने शोभाबद्दल माझं मत मागवलं. मी पाकिटावर 'गोपनीय' लिहून दिलं, की सामन्याआधी तिला उलटी होते, पुष्कळ खेळाडूंना होते, याने खेळ बिघडत नाही, तिला टीममधून काढू नये.

आमच्या ऑफिसात एक कागद कधीच एकटा जात नाही. टायपिस्टने कार्बन घातले, वर विषय टाकला 'गोलकीपरला उलटी होणेबाबत', आणि खाली प्रती काढल्या. दवाखाना, अकाउंट्स, सिक्युरिटी, कँटीन! गोपनीय कागद, सात प्रतींत!

तिसऱ्या दिवशी कँटीन मॅनेजरचा लेखी खुलासा आला, की सदर दिवशीचे पोहे ताजे होते आणि ते त्यांनी स्वतःही खाल्ले होते. सिक्युरिटीने विचारलं, उलटी गेटच्या आत झाली की बाहेर? सगळी टाउनशिप हसत होती आणि शोभा मान खाली घालून सायकलवरून जात होती. माझ्या भरवशावर बोललेली मुलगी! मी तिची माफी मागायला गेले तर मलाच म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, तुम्ही काय करणार?" मला रडू आलं.

* * *

आणि नेमकी तिची कन्फर्म व्हायची वेळ आली. आमच्याकडे त्यासाठी ट्रेड टेस्ट लागते. फिटरला लोखंड घासायला देतात, वेल्डरला जोड मारायला. गोलकीपरला काय द्यायचं? खानवलकरसाहेबांनी डोकं चालवलं. कमिटीतल्या पाच अधिकाऱ्यांनी एकेक पेनल्टी स्ट्रोक मारायचा. तिने तीन अडवले तर कन्फर्म, नाहीतर घरी. "फाईलवर आलंय, ती घाबरते. आता प्रॅक्टिकलच होऊन जाऊ दे!"

मी भांडले. उत्तर ठरलेलं, नियम सगळ्यांना सारखा.

रविवारी मैदानावर ही गर्दी! साहेबांच्या बायका थर्मास घेऊन खुर्च्यांवर. एका मुलीच्या पोटाचा प्रश्न आणि ह्यांची पिकनिक चाललेली!

शोभा गोलच्या मागे निंबाच्या झाडाशी गेली आणि सगळ्यांच्या देखत ओकली. कुणीतरी ओरडलं, "लो, हो गया टेस्ट!" ती चूळ भरून आली, श्वास सोडला, पॅड आवळले आणि उभी राहिली.

पहिला स्ट्रोक अडवला. दुसरा गेला. तिसरा अडवला. चौथा पायाने बाहेर काढला. तीन झाले! पोरी नाचायला लागल्या.

"थांबा," खानवलकरसाहेब स्टिक घेऊन पुढे आले, "माझा राहिलाय."

त्यांनी बॉल ठेवला. मागे सरकले. पुन्हा येऊन बॉल जरा हलवला. तळहात पॅन्टला पुसले. मिसेस खानवलकर जीएमसाहेबांच्या मिसेसशेजारी बसून बघत होत्या. साहेबांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि चेहरा पांढरा पडला होता.

शोभा सरळ उभी राहिली. चेष्टेचा लवलेश नव्हता. हळूच म्हणाली, "सर, आधी जाऊन या. निंबाचं झाड तिकडं आहे, मागं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्टिक माझ्या हातात दिली आणि झाडाकडे निघाले.