मावशीचा ट्रेलर

माझी मावशी हट्टाला पेटली की तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. ती कामाला होती तो तबेला बंद व्हायचा ठरला तेव्हा मालक तिला म्हणाला, "एका डोळ्याने आंधळी ती म्हातारी घोडी तुझी. पण महिनाअखेर हलव, नाहीतर येईल त्या गिऱ्हाइकाला देईन." येणारं गिऱ्हाईक खाटीकच असणार, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आणि घोडी तर कुठल्याच गाडीत पाऊल टाकायची नाही.

मावशीने घोडे वाहून न्यायचा एक जुना ट्रेलर आणला. पत्रा गंजलेला, फळ्या कुजलेल्या. तिच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, त्याच्याभोवती एक चक्कर मारली. "यात घोडी नको, कोंबड्या पाळ."

मावशीने पदर खोचला. स्वतःच आत शिरली, दार लावून घेतलं आणि मला जीपने ट्रेलर मैदानात फिरवायला लावला. बाहेर आली तेव्हा केस विस्कटलेले, कोपर सोललेलं, पण चेहरा पेपर सोपा गेल्यासारखा.

"मधली फळी काढायची," तिने वेल्डरला सांगितलं. "वळणावर पाय फाकवायला जागाच नाही, तोल जातो. ती साखळी वाजते, तिला रबर गुंडाळ. आणि उजवीकडे खिडकी हवी, घोडीचा तोच डोळा चांगला आहे."

"ताई, घोडीला खिडकीतून काय बघायचंय?"

"तुला पेटीत घालून कुठे नेलं, तर तू काय बघशील?"

वेल्डरने पत्रा कापला. तळाला नव्या फळ्या बसल्या, वर रबर आलं, चढायची फळी लांबवून चढण कमी झाली. आत उजेड वाटावा म्हणून मावशीने स्वतः पांढरा रंग दिला. एवढं करूनही घोडी दाराशी फुरफुरली आणि मागे सरली. गाजरं, गूळ, गोंजारणं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.  मावशी मातीत बसली. तिला हरलेली मी पहिल्यांदाच पाहत होते आणि मला रडू आलं. महिना संपतच आला होता.

थोड्या वेळाने तिने उठून ट्रेलरमध्ये डोकं घातलं आणि वास घेतला.

"मीच मूर्ख. अगं, हिला जग कळतं ते नाकाने, आणि मी रंग फासत बसले."

घोडीच्या ठाणावरचं मळलेलं गवत आम्ही पाट्या भरभरून आणलं आणि चकाचक रबरावर पसरलं. मावशीने ते भिंतींनाही चोळलं. काकांनी नाक धरलं. घोडीने मान खाली घालून हुंगलं आणि घरात शिरावं तशी आत गेली.

नव्या जागी, मावशीच्या घरी, वेगळीच तऱ्हा. दार उघडलं, तर बाईसाहेब उतरायलाच तयार नाहीत. काका वैतागले. "ओढ की बाहेर."

मावशी चढायच्या फळीवर बसली. "राहू द्या. लग्न होऊन तुमच्या दारात आले, तेव्हा मला कुठे कोणी विचारलं, उतरायचंय का म्हणून? हिला तरी विचारू."

 काकांनी पाण्याची बादली भरून आणली आणि ते मावशीच्या शेजारी बसले. घोडी आपणहून उतरेपर्यंत आम्ही तिघंही तिथून हललो नाही.