ओयांगांच्या घरचं बोलावणं

मेबलने विंग-कीला पहिल्यांदा नीट पाहिलं ते चिनी शाळेत. दिवसाची इंग्रजी शाळा सुटली की सॅक्रामेंटोजवळच्या चिनी गल्लीतली पोरं गाववाल्यांच्या मंडळाच्या माडीवर कुंचल्याने अक्षरं गिरवायला बसत. विंग-की शेजाऱ्याचा धडा लिहून देत होता आणि त्याबद्दल मिळालेला खारवलेला आलुबुखारा गालात धरून होता. गुरुजींनी नाव विचारलं तेव्हा त्याला गिळताही येईना नि बोलताही येईना.

दोन वर्षांनी गल्लीच राहिली नाही. एका दुपारी आग लागली आणि नदीच्या बांधाला टेकलेली लाकडी घरं संध्याकाळपर्यंत कोळसा झाली. जमीन गोऱ्या मालकाची. त्याने पुन्हा बांधू दिलं नाही, नाशपातीची बाग लावली. माणसं पांगली. मेबल शिक्षिका झाली. विंग-कीने फळांच्या वखारीतले सरकते पट्टे दुरुस्त करत आयुष्य काढलं, दोन मुली वाढवल्या. गल्लीबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचा, "तिथल्या नाशपात्या गोड असतात."

गेल्या वर्षी गावच्या संग्रहालयातली डेनीस मार एक जाडजूड चष्मा घेऊन आली. तो डोळ्यांवर चढवला की बागेत उभा असलेला माणूस जुन्या गल्लीत असे. बाकी घरं तिने रिकामीच उभी केली होती. माणसं होती ती एकट्या ओयांगांच्या, म्हणजे विंग-कीच्या घरात, कारण फोटो फक्त त्यांचेच वाचले होते. विंग-कीने ते एका अटीवर दिले होते. आपल्याला पटलं नाही तर घर पुसून टाकायचं.

मेबल त्याच्याबरोबर गेली. बागेतल्या खुर्चीवर बसून चष्मा घातल्यावर तो आधी हसला. मग एकदम काढून मांडीवर ठेवला.

"ही माझी माणसं नव्हेत."

चेहरे चुकले का, डेनीसने घाबरत विचारलं.

"चेहरे बरोबर आहेत गं. पण कुणी बोलावलं नाही आणि ही जेवायला लागली."

मेबलने डेनीसला समजावलं. ताटं मांडली की घरातल्या धाकट्याने एकेकाला बोलवायचं, आजीपासून सुरुवात करून. तोवर जेवणाच्या काड्यांना हात लावायचा नाही. ओयांगांकडे धाकटा विंग-की. डेनीस म्हणाली, एखाद्या मुलाचा आवाज घालता येईल. त्यावर विंग-की म्हणाला, माझ्या आजीला परक्या पोराने आजी म्हणण्यापेक्षा पुसलेलं बरं.

"मग तूच बोलाव," मेबल म्हणाली.

"बाबा तिथे अडतीसचे आहेत, मास्तरीणबाई. मी चौऱ्याऐंशीचा. हसतील ते मला."

"हसू देत. जन्मात कधी हसलेले पाहिलेस का त्यांना? आणि वय वाढलं म्हणून कुणी बापाचा बाप होत नाही, विंगदादा."

बराच वेळ तो चष्म्याची काच सदऱ्याला पुसत राहिला. मग त्याने तो पुन्हा चढवला आणि हात गुडघ्यांवर ठेवले. डेनीसने जेवण थांबवून ठेवलं होतं.

"आजी, जेवायला या," तो म्हणाला. मग "बाबा," एवढंच. मेबलला वाटलं, झालं, आता हा उठणार. तो उठला नाही. थोड्या वेळाने पुटपुटला, "बाबा, जेवायला या." आईला आणि थोरल्या भावाला मात्र भराभर बोलावलं, भूक लागलेल्या पोरासारखं. डेनीसने माणसं हलती केली. कारलं आणि खारा मासा संपेपर्यंत विंग-कीने चष्मा काढला नाही.

काढल्यावर घर राहू दे म्हणाला, फक्त एक बदल सुचवला. नुसता आपला आवाज नको. जो चष्मा घालेल त्यानेच बोलवावं, त्याशिवाय कुणी जेवू नये.

डेनीस म्हणाली, लोक तर परके असणार.

"असेनात. जो येईल तो माझ्या आजीपेक्षा धाकटाच."

तसंच झालं. आधी विंग-कीचा आवाज शब्द सांगतो, मग पाहुणा ते म्हणतो. कुणाचे उच्चार वेडेवाकडे होतात. आजी तरी काड्या उचलते.

विंग-की आता थोरल्या मुलीकडे सॅक्रामेंटोला राहतो. गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून तिने त्याला खालची खोली दिली आहे.